नवमीला लावलेला पॅच

जयपुरात आमच्या मराठी मंडळाची कोजागिरी होते, तिला मी अजूनही जातो. पण काका पेले वाटायला उभे असले की मी रांग सोडतो आणि बाजूच्या टेबलावरचा पेला स्वतः उचलतो. त्यांना ते कळतं. इतरांनाही कळतं. बायको घरी आल्यावर म्हणते, "एवढी वर्षं झाली, आता सोडा की." मी सोडत नाही. मनात मी त्यांना एकेरीत बोलावतो. कागदावर मात्र ते अजून जमत नाही, म्हणून इथे काकाच लिहितो.

काका म्हणजे विमा कंपनीतले निवृत्त अधिकारी. बदलीने जयपूरला आले आणि निवृत्तीनंतर इथेच राहिले. जगतपुऱ्याकडे तेव्हा नवी नवी इंजिनिअरिंग कॉलेजं उभी राहत होती. त्यांतल्याच एका खाजगी कॉलेजात ते रजिस्ट्रार झाले. तिथल्या सर्व्हरांची देखभाल मला मिळाली, त्यात त्यांचा शब्द होता हे मी नाकारत नाही. मात्र काम मी स्वस्तात आणि चोख करत होतो, हेही तितकंच खरं.

माझे वडील केंद्र सरकारच्या एका हिशेब कार्यालयात होते. निवृत्त झाल्यावर आईला घेऊन ते अमरावतीला परत गेले, मी इथेच राहिलो. शिक्षण अर्धवट होतं. मुरलीपुऱ्यात लोखंडी कपाटं बनवणाऱ्याच्या शेजारचा एक गाळा घेतला आणि जुने मॉनिटर दुरुस्त करून विकायला लागलो. तिथून सर्व्हरपर्यंत पोचलो ते भाव करून आणि भांडून. जयपूरच्या व्यापाऱ्याशी भाव करणं सोपं नसतं. तो चहा मागवतो, तुमच्या मुलांची चौकशी करतो आणि आपला आकडा जागचा हलू देत नाही. मला तेवढा धीर नव्हता. मी उठून चालू लागायचो. बरेचदा मागून हाक यायची. नाही आली तर मी खरंच निघून जायचो, आणि त्या दुकानात पुन्हा पाय ठेवायचो नाही.

कॉलेजात सर्व्हर अनेक होते. ते सगळे एका जागेवरून चालवता यावेत म्हणून एक व्यवस्थापनाचं सॉफ्टवेअर घेतलेलं होतं. कुठलाही कॉम्प्युटर उघडावा, नाव आणि पासवर्ड टाकावा, की आपल्याला नेमून दिलेल्या कामापुरतं आत जाता येई. परीक्षा विभागाचा माणूस गुणांच्या याद्यांपर्यंत, ग्रंथालयाचा पुस्तकांपर्यंत. सॉफ्टवेअर परदेशी कंपनीचं, कॉलेजने परस्पर घेतलेलं. माझ्याकडे फक्त देखभाल होती.

हे सॉफ्टवेअर आलं तेव्हा सगळ्या कर्मचाऱ्यांना मी शिकवलं होतं. एकच गोष्ट घोकून घेतली होती: पासवर्ड कुणालाही सांगायचा नाही. नवऱ्याला नाही, साहेबाला नाही, मलाही नाही. कुणी पासवर्ड टाकत असला की मी मुद्दाम सगळ्यांसमोर तोंड फिरवून उभा राहायचो, म्हणजे बाकीच्यांना सवय लागावी. लोक हसायचे. एक कारकून म्हणायचा, "भाईसाहब तो ऐसे मुड़ते हैं जैसे कोई कपड़े बदल रहा हो."

परीक्षा विभागात गुण भरायचं काम करणाऱ्या एक ताई होत्या. साताऱ्याकडच्या. नवरा फौजेत हवालदार, जयपूरच्या छावणीतून सीमेकडे पाठवलेला. ताई आपल्या मुलीला घेऊन फौजेच्या क्वार्टरमध्ये राहत. टायपिंग इतकं स्वच्छ की त्यांच्या याद्या कुणी दुसऱ्यांदा तपासत नसे. मला दादा म्हणायच्या. मुंबई-पुण्याकडचं मराठी ऐकून कंटाळलेल्या माझ्या कानाला त्यांचं बोलणं बरं वाटे.

त्या वर्षी पावसाळा सरता सरता एका सत्राच्या गुणांमध्ये फेरफार झालेला सापडला. नापास झालेली काही मुलं पास दिसत होती. प्राध्यापकांनी तपासलेल्या उत्तरपत्रिकांशी आकडे जुळेनात. सॉफ्टवेअरमध्ये पाहिलं तर बदल ताईंच्या नावाने झालेले होते, ऑफिस सुटल्यानंतरच्या वेळी.

चौकशीला काका अध्यक्ष होते. मी तांत्रिक माहिती द्यायला बाहेर बसलो होतो, दार अर्धवट उघडं होतं. ताई म्हणाल्या, "सर, त्या वक्ताला मी घरी होते. भाकऱ्या थापत होते."

"मग तुमच्या नावाने आत कोण गेलं?"

"मला काय म्हाईत?"

"पासवर्ड कुणाला सांगितला होता का?"

"न्हाई."

"सांगितला नाही, म्हणजे तुम्हीच. सांगितला असेल, तरी दोष तुमचाच. पासवर्ड म्हणजे सही असते, बाई."

मग कुणीतरी म्हणालं, पासवर्ड काय आहे ते सांगा, आम्ही पडताळून बघतो. ताईंनी सांगायला नकार दिला. "दादांनी शिकिवलंय, सायबालाबी सांगायचा न्हाई." आत काकांचा आवाज चढला. ताठा, असा शब्द त्यांनी वापरला. ताईंनी नियम पाळला, तो त्यांच्याच विरुद्ध लिहिला गेला. त्यांना निर्णय होईपर्यंत घरी बसायला सांगितलं.

ताईंनी हे केलं नाही, याबद्दल मला पहिल्यापासून शंका नव्हती. यात माझा चांगुलपणा काही नाही. बाजारात माणूस खोटं बोलतो तेव्हा तो हळूहळू खाली येतो. आधी म्हणतो माल नवा आहे, मग म्हणतो थोडासा वापरलेला, मग म्हणतो तुमच्यासाठी म्हणून सांगतो. ताई पहिल्या वाक्यापासून जागच्या हलल्या नव्हत्या. घरी होते, भाकऱ्या थापत होते. शेवटपर्यंत तेच.

बाहेर पडताना त्या मला म्हणाल्या, "दादा, ह्यांचा फोन येईल रविवारी. काय सांगू? क्वार्टरात तर आत्ताच समद्यांना कळलंय. ह्यांच्या युनिटात पोचायला कितीसा वेळ लागतोय?"

मला त्या वेळी सांगण्यासारखं काही ठाऊकच नव्हतं.

नंतर मी त्या सॉफ्टवेअर कंपनीच्या संकेतस्थळावर बसलो. कंपनीने एक नवा पॅच, म्हणजे सॉफ्टवेअरमधली चूक बुजवणारी दुरुस्ती, काढला होता आणि त्याखाली बारीक अक्षरात कारण दिलं होतं. अमुक परिस्थितीत ओळख न पटवता प्रवेश मिळू शकतो, अशा अर्थाचं. इतकं मोघम लिहिलेलं की दहा जणांनी वाचून सोडून द्यावं. मी गाळ्यातल्या माझ्या जुन्या सर्व्हरवर तेच सॉफ्टवेअर चढवलं आणि करून पाहिलं. तेव्हा मला ते नीट कळलं.

सोसायटीच्या फाटकावर रखवालदार असतो, तो नाव लिहून घेतो, ओळखपत्र बघतो. पण समजा, मागच्या जिन्याने एखादा सरळ तिसऱ्या मजल्यावर गेला आणि "मी इथलाच अमका" म्हणाला, आणि तिथे त्याला कुणी काही विचारलंच नाही. हे सॉफ्टवेअर तसं होतं. पहिल्या पानावर पासवर्ड मागायचं. पण आतल्या पानाचा पत्ता थेट टाकला आणि पत्त्यातच कुणाचं नाव लिहिलं, तर ते मुकाट त्या नावाच्या माणसाला आत घ्यायचं. पासवर्ड विचारायचंच नाही. कॉलेजात बसलेलं कुणीही, वसतिगृहातलं पोरगंसुद्धा, ताईंचं नाव लिहून आत जाऊ शकत होतं.

मी त्याच दिवशी काकांकडे गेलो. सगळं समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. माणूस हुशार आहे, त्यांना पटकन कळलं.

"मग पॅच लाव आणि मोकळा हो," ते म्हणाले.

"लावतो. आधी कमिटीला हे भोक दाखवू द्या. पॅच लावल्यावर दाखवायला काही उरणार नाही."

"अरे, ट्रस्टींसमोर असं दाखवायचं? कॉलेजचं नाव काय राहील? पालकांना कळलं तर?"

"आणि ताईंचं नाव?"

"त्यांना बघू आपण. थोडं थंड होऊ दे. सध्या राजीनामा दिला तर मी चौकशी पुढे नेणार नाही, एवढं मी करू शकतो. तू यात पडू नकोस."

"काका, राजीनामा म्हणजे कबुलीच की."

"तू मला शिकवू नकोस. तुला हे काम कुणी मिळवून दिलं?"

माझं डोकं फिरलं. टेबलावरची काच हातात घेऊन फोडावी असं वाटलं. त्याऐवजी मी उठलो, दारापर्यंत गेलो. मागून हाक आली नाही. तेव्हा मला कळलं की समोर बसलेला माणूस माझ्यासारखाच भाव करणारा आहे. मी परत येऊन बसलो. आयुष्यात पहिल्यांदाच.

"ठीक आहे," मी म्हणालो. "दाखवायचं सोडलं असं म्हणत नाही, पण पॅच लावायला सगळं थांबवावं लागतं. प्रवेशाची गडबड चालू आहे. खंडेनवमीला लावतो. त्या दिवशी तसंही कुणी काम करत नाही."

काकांचा चेहरा उजळला. खंडेनवमी हा त्यांचा कॉलेजातला लाडका दिवस. इथली माणसं शस्त्रपूजा दसऱ्याला करतात, पण काकांनी आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे नवमीला सर्व्हर-रूममध्ये पूजा सुरू केली होती. झेंडूच्या माळा, हळदकुंकू, नारळ, आणि पूजा झाली की दुसऱ्या दिवसापर्यंत यंत्राला हात लावायचा नाही. ट्रस्टचे प्रमुख सेठजीसुद्धा यायचे. मी दर वर्षी फक्त एकाच गोष्टीवरून भांडायचो, की कुंकू हवेच्या जाळीवर टाकू नका.

"छान. सकाळी लावून टाक, मग पूजा करू," काका म्हणाले. मी मान हलवली. दिवस मी कबूल केला होता. सकाळचं मी तोंडाने कबूल केलं नव्हतं. तोपर्यंतचे दिवस मात्र मी ते सॉफ्टवेअर फक्त रजिस्ट्रारच्या ऑफिसातून उघडेल असं करून ठेवलं. भोक तसंच होतं, पण त्याच्यापर्यंत आता बाहेरून कुणी पोचणार नव्हतं.

नवमीला सगळे जमले. सेठजी, कमिटीतले दोघे प्राध्यापक, परीक्षा विभाग, शिपाई. काकांनी धोतर नेसलं होतं. ताई अर्थातच नव्हत्या. आरती झाली, नारळ फुटला, प्रसादाची ताटली फिरू लागली. काका मला हळूच म्हणाले, "लावलास ना?"

"आता लावतो. आधी सेठजींना यंत्र दाखवतो."

"अरे, पूजा झाली! आज हात लावायचा नाही!"

"हाथ मैं नहीं लगाऊँगा," मी मोठ्याने हिंदीत म्हणालो, "सेठजी लगाएँगे." आणि बाहेरच्या कॉम्प्युटरसमोरची खुर्ची मी सेठजींसाठी ओढली. रजिस्ट्रार-ऑफिसचं बंधन सकाळीच त्या एका कॉम्प्युटरपुरतं उठवलं होतं. सेठजींना कॉम्प्युटर येत नव्हता, पण कुतूहल होतं. ते हसत बसले. मी म्हटलं, ह्या पट्टीत मी सांगतो ती अक्षरं एकेक दाबा. त्यांनी एका बोटाने, सावकाश, पत्ता लिहिला. शेवटी नाव लिहायचं होतं. मी ताईंचं नाव सांगितलं नाही. काकांचं सांगितलं.

पान उघडलं. वरच्या कोपऱ्यात काकांचं नाव आणि हुद्दा. खाली कॉलेजच्या सगळ्या याद्या, पगाराच्यासुद्धा.

सेठजींनी कोपऱ्यातलं नाव वाचलं. मग मान वळवून म्हणाले, "मतलब... ये आप अंदर गए हैं?"

"मैं तो यहाँ खड़ा हूँ," काका म्हणाले.

खोलीत झेंडूचा वास होता आणि पंख्यांची घरघर. काकांना आपण काय बोललो ते बोलून झाल्यावर कळलं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. चौकशीला बसलेल्या दोन्ही प्राध्यापकांनी खाली पाहिलं. मला बोलायची गरज राहिली नव्हती.

"पासवर्ड किसने दिया?" सेठजींनी विचारलं.

"किसी ने नहीं. इसने माँगा ही नहीं," मी म्हणालो.

मग मी सर्वांसमोर पॅच लावला. सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केले. माळा घातलेल्या यंत्रांचे दिवे मालवले तेव्हा एका शिपायाने हात जोडले. सेठजींनी पुन्हा त्याच बोटाने तीच अक्षरं दाबली. या वेळी सॉफ्टवेअरने पासवर्ड मागितला. "अब माँग रहा है," सेठजी म्हणाले आणि उठले. जाताना काकांना एवढंच म्हणाले, "उस बहनजी को कल से बुला लीजिए."

माणसं गेल्यावर काका म्हणाले, "पूजेच्या दिवशी चार लोकांत तू मला उघडं पाडलंस. मला एकट्याला सांगितलं असतंस तर?"

"एकट्यालाच सांगितलं होतं, काका."

पुढच्या वर्षी देखभालीचं काम दुसऱ्याला गेलं. त्याचं मला फारसं वाईट वाटलं नाही. धंद्यात कामं जातात आणि येतात. माझी तक्रार वेगळी आहे. ताईंना बोलवायला काका स्वतः गेले नाहीत. शिपायाकडून फोन करवला, "मॅडम, कल से आ जाइए." चूक झाली, असं ते ताईंना कधी म्हणाले नाहीत, ना त्या वेळी ना नंतर. आणि मंडळात, चकलीचा घास घेत घेत, ते लोकांना सांगत असत की आमच्या कॉलेजात असं एक भोक निघालं होतं, मी वेळीच पॅच लावून घेतला. मी समोर बसलेला असताना सांगत असत.

गुण कुणी बदलले ते शेवटपर्यंत कळलं नाही. पास झालेली मुलं पुन्हा नापास झाली आणि प्रकरण संपलं.

हिवाळ्यानंतर ताईंच्या नवऱ्याची बदली दुसऱ्या छावणीत झाली, तिथे कुटुंबाला राहायला मिळणार होतं. जाण्याआधी त्या मुरलीपुऱ्याच्या गाळ्यावर आल्या. शेजारी कपाटांवर हातोडे पडत होते, त्यामुळे त्यांना मोठ्याने बोलावं लागत होतं. मला वाटलं निरोप घ्यायला आल्या असतील. चहा मागवला. त्यांनी पेला हातात धरून ठेवला.

"दादा, त्या दिवशी समद्यांनी बघितलं म्हणं. सेठजींनी, सरांनी, शिपायांनीबी."

"हो."

"मीच बघितलं न्हाई." त्यांनी पेल्याची कड पुसली. "ह्यांनी माझ्यावर इस्वास ठेवला. इचारलंसुद्धा न्हाई कधी. पण मलाच कधी कधी वाटतं, चुकून कुणाला पासवर्ड बोलून गेले असंन का? झोपंत, फोनवर? कामावर परत घेतलं, पण हे डोक्यातनं जात न्हाई. मला ते एकदा दाखवा."

कॉलेजातलं भोक बुजलं होतं. पण माझा जुना सर्व्हर कोपऱ्यात होता. मी त्यावर सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती पुन्हा चढवायला घेतली. वेळ लागत होता. ताई स्टुलावर बसून राहिल्या, घाई केली नाही. तयार झाल्यावर मी त्यांच्या नावाचं नवं खातं बनवलं आणि म्हणालो, "खात्याचा पासवर्ड तुमच्या हाताने टाका. कॉलेजात होता तोच." आणि उठून दाराकडे तोंड करून उभा राहिलो. त्यांनी टाकला.

मग मी खात्यातून बाहेर येऊन पत्ता सांगितला. सेठजींनी एका बोटाने लिहिला होता तो त्यांनी दहा बोटांनी क्षणात लिहिला. शेवटी स्वतःचं नाव. पान उघडलं. वर त्यांचं नाव होतं.

त्यांनी हात कीबोर्डवरून उचलून मांडीवर ठेवले. हातोड्यांचा आवाज चालूच होता. त्या म्हणाल्या, "येवढंच?"

"एवढंच."

"पासवर्ड इचारलाच न्हाई त्यानं."

"नाही विचारला."

त्यांनी पदराने डोळे पुसले, पण रडल्या नाहीत. पेल्यातला चहा निवला होता, तो त्यांनी तसाच पिऊन टाकला. "आता बंद करा ते," त्या म्हणाल्या. "मी असताना करा."

मी पॅच लावला. गाळ्यातलं ते यंत्र माझ्याशिवाय कुणी वापरत नव्हतं, त्याला पॅचची काही गरज नव्हती. तरी लावला, सर्व्हर पुन्हा चालू होईपर्यंत दोघंही थांबलो. त्यांनी पुन्हा पत्ता लिहिला, पुन्हा आपलं नाव. या वेळी पान अडलं. पासवर्डाची रिकामी चौकट समोर आली.

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी उठलो आणि तोंड फिरवून उभा राहिलो. मागे कीबोर्डच्या कळा वाजल्या.